सीटखाली चिकटवलेला फोन

त्या पार्सल कंपनीने मला फसवलं. औषध घरपोच देतो म्हणाले आणि माझ्या बायकोचं औषध स्वतःच्या गोदामात घेऊन बसले.

बायकोला फिट्स येतात. तिची गोळी बुऱ्हाणपुरात मिळत नाही, इंदूरहून मागवावी लागते. मागे एकदा गोळी चुकली तेव्हा ती ओट्याच्या कडेवर आपटली, भुवईवर टाके पडले. तेव्हापासून स्वयंपाकघरात भांडं पडलं तरी मी धावत जातो.

केळीचा धंदा मी हातगाडीपासून उभा केलाय, कोणावर विश्वास टाकून नाही. केळीचा ट्रक दिल्लीला निघाला की ड्रायव्हर वाटेत कुठे माल उतरवतो का ते कळावं म्हणून मी माझा जुना फोन पॉवर बँकेसकट त्याच्या सीटखाली टेपने चिकटवून द्यायचो. त्याला पत्ता नसायचा. औषधाची ऑर्डर त्याच फोनमधल्या कंपनीच्या ॲपवरून, त्याच जुन्या नंबरावर होती, हे मात्र माझ्या ध्यानात राहिलं नाही.

त्या दिवशी सकाळी तिने शेवटची गोळी घेतली. दुपार उलटली, पार्सल नाही. फोन केला तर कंपनीची बाई गोड आवाजात म्हणाली, आमची सिस्टीम ग्राहकाची सोय ओळखते. तुम्ही प्रवासात आहात, म्हणून तुम्ही परत येईपर्यंत पार्सल तुमच्याच बुऱ्हाणपुरातल्या लालबागच्या गोदामात जपून ठेवलंय. मी म्हटलं, मी घरात उभा आहे. ती म्हणाली, आम्हाला तुम्ही इंदूरच्या पुढे दिसताय.

लालबागला पोचलो. पार्सल मागच्या फळीवर दिसत होतं. काउंटरवरच्या माणसाला आधी दरडावलं, ओळखपत्र आपटलं, मग हात जोडले. तो कोड मागत राहिला, आणि कोड गेला होता ट्रकमधल्या त्या जुन्या फोनवर. संध्याकाळच्या गोळीची वेळ झाली होती. घरी ती एकटी होती.

शेवटी ड्रायव्हरला फोन लावला. गाडी बाजूला घे, सीटखाली हात घाल, म्हटलं. टेप सोलल्याचा आवाज आला.

"सेठ, मी तुमच्या घरी जेवलेला माणूस. माझ्यावर भी पहारा?"

"शिव्या नंतर दे. तिची गोळी अडकलीय. आकडे वाच."

त्याने वाचले. फोन ठेवताना म्हणाला, "भाभीला गोळी पोचवा आधी."

घरी आलो तर तिने गॅस बंद केला होता, बांगड्या काढून ठेवल्या होत्या, आणि खोलीच्या मधोमध, भिंतीपासून लांब, भोवती उशा रचून ती जमिनीवर बसली होती. वाट बघत. पाकीट तिनेच माझ्या हातातून घेऊन फोडलं.

ड्रायव्हरची माफी मी मागितली. पण मी तोंडाने सांगत असताना माझ्यापेक्षा फोनचं खरं मानायचं, हे त्या कंपनीत कोणी ठरवलं? त्या माणसाने इथे यावं, त्या उशांच्या मध्ये बसावं, आणि माझ्या बायकोला उत्तर द्यावं.