दोन्ही गेटवे बंद असताना लागलेला कॉल

कुणी भुताखेतांचं बोलायला लागलं की मी उठून चहा घ्यायला जातो. आयुष्य मशीनशी गेलं माझं. त्यामुळे इथं लिहिताना अवघडल्यासारखं होतंय… पण सांगतो.

सांगलीतल्या एका पतसंस्थेचं काम होतं. शाखांचे व्हिडिओ कॉल हेड ऑफिसच्या कम्युनिकेशन सर्व्हरला जोडायचे. दोन्हींची भाषा वेगळी, म्हणून मध्ये गेटवे लागतो — दुभाष्यासारखा. आम्ही दोन गेटवे क्लस्टरमध्ये लावले होते, एक बंद पडला तर दुसऱ्यानं कॉल सांभाळावा म्हणून. तो काही केल्या सांभाळत नव्हता. रोज साताऱ्याहून जाऊन-येऊन माझ्या अंगात त्राण उरलं नव्हतं.

कडेगाव शाखेत शकूरभाई होते. वयानं मोठे, वायरिंगचे मिस्त्री. आमची कितीतरी कामं बरोबर झालेली. त्या दुपारी सांगलीच्या हेड ऑफिसातून त्यांना मोबाईलवर सांगितलं, "दोन्ही गेटवे बंद करतोय, थोड्या वेळानं नव्यानं चालू करतो." बंद केले. जरा टेबलावर डोकं टेकलं… आणि झोपच लागली.

मोबाईलच्या रिंगनं जाग आली. पलीकडे शकूरभाई होते.

"जाधवसाहेब, लय उपकार झालं बगा. यूपीएसची बॅटरी फुटली! म्या तितंच केबल वडत बसलो हुतो. तुमी हाक मारली नसती तर ॲसिड तोंडावरच हुतं."

"मी? मी कधी हाक मारली?"

"आवं, स्क्रीनवर आला की तुमी! म्हनला, शकूरभाई, हातातलं टाका, भाईर व्हा. दारात पोचलो न् मागं धडाम!"

मी समोर बघितलं. दोन्ही गेटवे बंदच होते. कॉल जायला रस्ताच नव्हता.

"भास झाला असेल, शकूरभाई."

"न्हाई वो. कॅशियर बाईंनी बी बगितलं तुमास्नी." मग म्हणाले, "फकस्त… डोळं मिटून बोलत हुता तुमी."

बाईंना नंतर मी स्वतः विचारलं. त्यांनीही तेच सांगितलं.

क्लस्टरचा बिघाड पुढं सापडला — एका गेटवेचं घड्याळ मागं पडलं होतं. त्याला कारण होतं. याला नाही.

ईदला शकूरभाईंच्या घरून शिरखुर्म्याचा डबा येतो. "अहो, तो मी नव्हतो" असं सांगून सांगून थकलो, आता मुकाट्यानं घेतो. बायको म्हणते, झोपेत बोलला असाल. असेनही. पण सांगलीत झोपेत बोललेला माणूस कडेगावात दिसतो कसा?

हल्ली दुपारी डोळा लागून जाग आली की मी लगेच उठत नाही. अंग आंबून गेलेलं असतं… आणि कुठून दमून आलोय, तेच आठवत नाही.