शेवंताबाईंची दहा मिनिटं

आधी शेवंताबाईंचं नाव घेते, बाकीचं मग. वडनेरच्या शेवंताबाईंनी मला हाताला धरून कामावर उभं केलं नसतं, तर मी या मुलखात टिकलेच नसते. एवढं मी सगळ्यांना सांगते. पण यापुढचं आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – नवऱ्याला नाही, फोनवर आईलाही नाही. तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी साताऱ्याकडची, माणची. सातवीत शाळा सुटली. नवरा ट्रकवर, त्याला हिंगणघाटला काम लागलं आणि त्याच्यामागं मी आले. वडनेरच्या रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये बायका कामाला घेत होते. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढून रूई वेगळी करायची. दिवाळीनंतर मशीनं सुरू होतात, होळीपर्यंत धडधडतात. आम्ही बायकांनी कापसातला काडीकचरा, सुतळी, खडा, खिळा वेचायचा आणि मशीनवर लक्ष ठेवायचं.

पहिल्याच दिवशी मी 'मला पाणी द्या' म्हणाले आणि सगळ्या हसल्या. त्यांचं 'मले', माझं 'मला'. "पुन्याची मॅडम आली वं," कुणीतरी म्हणालं. माण कुठं, पुणं कुठं! पण मी रूईच्या गाठींच्या मागं जाऊन रडले. तिथं शेवंताबाई आल्या, भाकर-ठेचा पुढं केला. "घाबरू नोको," म्हणाल्या. "कान उघडे ठेवजो. हात मंग आपसूकच शिकते."

कान उघडे ठेवायचे म्हणजे काय, ते दुपारी दोनला कळलं. दोनला शिफ्ट बदलायची. सकाळची बाई लगेच घरी जायची नाही. ती आणि दुपारची, दोघी मशीनशेजारी दहा मिनिटं उकिडव्या बसायच्या आणि सकाळची दुपारचीला मशीनचा हाल सांगायची. आता हाल म्हणजे – सुनेनं काय केलं, बाजारात वांगी कशी होती, आणि त्यातच मधे, 'पाच नंबर आज कुरकुर करून राह्यली, कापसाचा घास लहान देजो.' लिहिलेलं काही नाही. मला जे काही काम येतं ते त्या दहा मिनिटांत आलं. शेवंताबाई तर वासावरून सांगायच्या. मशीनचा चामड्याचा रोलर तापला की म्हशीचं शिंग जळाल्यासारखा वास येतो – तो आम्हाला यायच्या आत त्यांना यायचा.

दुसऱ्या वर्षी नवीन साहेब आले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. दर सोमवारी बैठक घ्यायचे, म्हणायचे, मिल बदलायची आहे, सगळ्यांनी मोकळेपणानं बोला. पण त्यांच्यापुढं कोण बोलणार? बायका पायाच्या अंगठ्याकडं बघत उभ्या राहायच्या. एकदा शेवंताबाई बोलल्या, तर साहेबांनी दोनदा 'काय?' म्हणून विचारलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, तुम्ही सांगा, तुमचं मला कळतं.

माझं कळतं! सातवी शिकलेली मी. ज्या बोलण्याला बायका हसल्या होत्या, त्याच बोलण्यामुळं मला बैठकीत खुर्ची मिळाली. पुढच्या सोमवारपासून बायकांच्या वतीनं मी एकटीच जायला लागले. काम माहीत असलेली बाई बाहेर, आणि साहेबांसारखं बोलणारी आत. मला त्याचं वाईट वाटलं का? खरं सांगू? मला ती खुर्ची आवडली.

मग साहेबांच्या मनात आलं की शिफ्ट बदलताना जी दहा मिनिटं जातात ती बंद करावीत. त्याऐवजी प्रत्येक मशीनला एक कागद, त्यात खणात खुणा. बायकांना पत्ता लागला. शेवंताबाईंच्या ओट्यावर सगळ्या जमल्या आणि ठरलं – पाहिजे तर चहाची सुट्टी कमी करा, पण हाल सांगणं राहू द्या. शेवंताबाई मला म्हणाल्या, "तू सांगजो. मी बोलतो त त्याले समजत नाई." मी हो म्हणाले. रस्ताभर ते वाक्य पाठ करत घरी गेले.

आता ते सांगायलाच हवं, नाही का – मी नुसती गोल गोल फिरते आहे.

सोमवारी बैठकीत साहेबांनी हसून विचारलं, त्या दहा मिनिटांत नेमकं काय चालतं हो? गप्पाच ना? वाक्य माझ्या जिभेवर होतं. ते रागावले नव्हते, धमकी नव्हती, काही नव्हतं. नुसते हसत होते. आणि मीही हसले. "हो सर," मी म्हणाले, "गप्पाच असतात."

एवढंच. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढचा विषय घेतला.

बाहेर बायका नळाजवळ थांबल्या होत्या. काय झालं? मी म्हणाले, मी खूप सांगितलं, पण साहेब ऐकतच नाहीत. बघा, किती सहज निघालं ते! शेवंताबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू बोलली ना वं. बस झालं." त्या हाताचं ओझं अजून उतरलेलं नाही.

कागद आले. खुणा करायचं काम माझ्याकडं, कारण मला लिहिता येत होतं. शेजारी त्या त्या बाईचा अंगठा. दोनची शिट्टी झाली की सकाळच्या बायकांनी सरळ फाटकाबाहेर जायचं, मगच दुपारच्या आत यायच्या. दोघींची भेट व्हायची ती फाटकात, तीही चालता चालता.

माघातला दिवस होता. शेवंताबाई जाता जाता मला म्हणाल्या, सात नंबरले वास येऊन राह्यला, दुपारचीले सांगजो. मी कागद पाहिला. पट्ट्याला खण होता, तेलाला होता, आवाजाला होता. वासाला खण नव्हता. मी 'ठीक'वर खूण केली, त्यांचा अंगठा घेतला. दुपारच्या बाईला सांगू म्हटलं, तेवढ्यात साहेबांनी ऑफिसात बोलावलं आणि मी गेले.

तासाभरात सात नंबरची रूई पेटली. वाळूच्या बादल्या ओतल्या, आग विझली. कुणाला इजा झाली नाही, पण मशीन गेलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी शेवंताबाईंना उभं केलं. त्यांनी सांगितलं, वास येत होता. मग कागदावर ठीक कसं? कुणाला सांगितलं होतं का? मी तिथंच उभी होते, हातात कागदांचा गठ्ठा. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"कोणालेच नाई, साहेब."

त्याच दिवशी त्यांना काढलं. फाटकाशी मी रडायला लागले, तर मलाच समजावत होत्या – तुह्यं घर दूर आहे पोरी, माह्यं त इथंच आहे.

त्या खुणेचं त्यांना माहीत आहे. तेवढं त्यांनी पोटात घातलं. बैठकीतलं त्यांना माहीत नाही. दुपारची बाई नेहमीसारखी शेजारी बसली असती तर त्या वासाचं पहिल्या मिनिटात तिच्या कानावर गेलं असतं. तसं बसणं कुणी बंद केलं, ते त्यांना माहीत नाही. आता शेवंताबाई दुसऱ्यांच्या शेतात तण निंदायला जातात. मागच्या बाजारात भेटल्या, सोबत सून होती. तिला म्हणाल्या, "हे पाय, आमच्यासाठी साहेबाले बोलली होती थे हेच." सुनेनं माझ्याकडं आदरानं पाहिलं. मी पिशवीतली भाजी नीट करत राहिले.

खुर्ची अजून माझीच आहे.

शेवंताबाई, तुमचं देणं माझ्याकडं आहे. एक दिवस मी ते फेडीन. तुमच्या ओट्यावर येईन, तुमच्याशेजारी उकिडवी बसेन आणि दोनच्या शिट्टीला सांगायचो तसा सगळा हाल सांगेन, काही न गाळता. त्या सोमवारपासून सुरू करीन.