भिंतीत विरलेला दांडा

तिला घरात सगळे भिंगरीच म्हणत. जेवतानाही अर्ध्यातून उठून पडदा सरळ करून येणारी बाई ती, दुसरं काय म्हणणार? आणि धंदा काय, तर दवाखान्यांच्या खोल्या शांत करून देणं. कुठल्या रंगानं आजारी माणसाचा जीव निवतो, दिव्याचा झोत डोळ्यांत न मारता भिंतीवर कसा पाडायचा, ढकलगाडीचा खडखडाट जमिनीतच कसा जिरवायचा, हे तिला बरोबर कळे. थोरला भाऊ म्हणायचा, "स्वतःच्या बुडाला थारा नाही, अन् लोकांना शांतता विकते!"

भाऊ गॅरेजवाला. त्याला झटका आला, डावं अंग लुळं पडलं, आणि वहिनीनं त्याला आणलं ते भिंगरीनंच सजवलेल्या केंद्रात. माणसं इथं पुन्हा चालायला शिकायची. खोली ओल्या राखेच्या रंगाची. भिंतीला धरून चालायचा लाकडी दांडाही तिनं त्याच रंगात बुडवून टाकलेला. दवाखान्यात आल्यासारखं वाटू नये, म्हणून. 'दांडा आहे, पण दिसत नाही,' असं ती चारचौघांत मिरवून सांगायची.

भाऊ मात्र पलंग सोडीना.

"खोली एवढी झकास केलीस, उठावंसंच वाटत नाही," तो म्हणायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती अभिमानानं फुगली. मग व्यायाम घेणाऱ्या बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "आता पाय टाकला नाही तर तो आखडेल. पुढं माझ्याही हातात काही राहणार नाही."

झालं, भिंगरी सुटली. खुर्ची इकडची तिकडे, दिवा मंद, दिवा मोठा. एकदा पलंगच फिरवला, भावासकट.

"मी काय कपाट आहे का गं?" तो ओरडला.

वहिनी कपाळाला हात लावून म्हणाली, "वन्सं, बसा हो जरा. तुमच्याकडे बघून मलाच गरगरतंय."

एका दुपारी वहिनी डबा धुवायला गेलेली. भिंगरी दारातच थबकली. भाऊ एकटाच पलंगाच्या कडेला येऊन, उजवा हात लांब करून भिंत चाचपत होता. दांड्याच्या वर, मग खाली. हात दोनदा हुकला आणि तो मटकन मागं बसला. तेवढ्यात त्याला ती दिसली.

"कधी आलीस?"

"आत्ताच. काय शोधत होतास?"

"काही नाही." मग खालच्या आवाजात, "डोळेपण गेले बहुतेक. वहिनीला सांगू नकोस. आंधळ्या-लंगड्याला गॅरेजात कोण उभं करील?"

ती त्याच्या शेजारी बसली, डोळे बारीक करून समोर पाहिलं. तिलाही दांडा दिसला नाही.

"दादा, डोळे शाबूत आहेत तुझे. मीच माती खाल्ली."

ती धावत गाडीतून काळ्या टेपचं भेंडोळं घेऊन आली आणि दांड्यावर गुंडाळत सुटली. फर्रर्र आवाज ऐकून व्यवस्थापक पळत आले. "मॅडम, काय हे! या भिंतीचे फोटो छापून आलेत!"

"फोटोला चालायचं नसतं," ती वळूनही न बघता म्हणाली.

भाऊ बघत होता. त्याला आता काळा दांडा लख्ख दिसत होता, आणि त्यावरची तिची गबाळी गुंडाळणीही. गॅरेजवाल्याला ते सोसेना.

"अगं, टेप अशी लावतात होय? ओढून घे, ताणून! सुटेल ती... सरक, सरक तिकडे."

आणि तो उठला. उजव्या हातानं दांडा पकडून, अंगठ्यानं टेप दाबत, शिव्या घालत, डावा पाय फरफटत दारापर्यंत आला. दारात वहिनी डबा छातीशी धरून उभी.

"बघत काय राहिलीस? खुर्ची आण," भाऊ धापा टाकत म्हणाला. "आणि त्या भिंगरीला म्हणावं, आता तरी बूड टेक."

पण ती तिथं होतीच कुठं? त्या मजल्यावरची प्रत्येक खोली तिनंच राखेच्या रंगात बुडवलेली. शेजारच्या दारामागून टेपचा फर्रर्र आवाज येत होता.