बेहड्याचं गाऱ्हाणं

बदलापूर गावामागच्या टेकडीवर आमची देवराई. मी चौथीपर्यंत शिकलो, पण तिथला कायदा मला कुणी फळ्यावर लिहून द्यावा लागला नाही. शिवेच्या दगडाशी कोयता, कुऱ्हाड ठेवायची आणि रिकाम्या हातानं आत जायचं. वाळकी काटकीही घरी आणायची नाही. आईनं एकदा पदरातून चार काटक्या आणल्या. चूल पेटायची होती, तरी बापानं तिला तशीच परत पाठवली.

मधोमध म्हातारा बेहडा होता. आतून पोकळ, माणूस उभा राहील एवढा. तरी दर साली फळायचा. बाप म्हणायचा, "हा स्वतःच्या जोरावर उभा नाय. शेजाऱ्यांनी धरलाय." खरंच होतं ते. चहूबाजूंनी ऐन, जांभूळ आणि आसाणा, मुळं एकमेकांत गुंतलेली, आणि मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेलानं सगळ्यांना मिळून बांधलेलं. मी कामाला होतो तो मोरिवलीतला कारखाना बंद पडला तेव्हा आळीतल्या घराघरातून आमच्याकडं तांदूळ यायचे. कुणी बोलून दाखवलं नाही. तेव्हा मला त्या बेहड्याची आठवण यायची.

मग नव्वद सालानंतर बिल्डिंगी आल्या आणि गावाला लाज वाटायला लागली. देवाभोवती फरशीचा पार हवा, लायटिंग हवी. कमिटीचा म्होरक्या माझाच पुतण्या, मुंबईला हाफिसात जाणारा.

"काका, बेहडा ठेवतोय ना! आजूबाजूचा कचरा तेवढा काढू. देवाला जरा मोकळी हवा."

"देवानं तुझ्याकडं अर्ज केलावता का रे?"

मीटिंगमधले सगळे हसले. पण लबाडांना माझी नस ठाऊक होती. देवराईत हत्यार न्यायचं तर आधी देवाला गाऱ्हाणं घालून परवानगी मागावी लागते, आणि तो मान आमच्या घरातल्या थोरल्याचा. म्हणजे माझा. सगळ्या गावासमोर पुतण्यानं नारळ माझ्या हातात दिला. "काका, तुमच्याशिवाय पान हलायचं नाय." मी फुगलो. कसला कचरा काढणार ते विचारलंही नाही. खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं.

दोन दिवसांत सात झाडं आडवी. गारंबीचा वेल तोडला तेव्हा त्यातून पाणी गळत होतं. मी ओरडत धावलो तर पुतण्या म्हणतो, "तुम्हीच परवानगी घेतली ना देवाची?"

बेहडा आता फोटोत छान यायचा. एकटा. वैशाखात वळवाचं वारं सुटलं आणि तो मुळासकट पडला, नव्या फरशीवरच. शेकडो पावसाळे काढलेलं झाड आमच्या सुधारणेला एक वर्षही पुरलं नाही. लोक हळहळले, दोन मिनिटं. लगेच कमिटी बसली. म्हणे उरलेलीही धोक्याची आहेत, काढून टाकू.

अरे, धोका कुणी केला? झाडांनी?

मी मीटिंगला गेलो नाही. ज्या दिवशी तोडणारे येणार होते त्या सकाळी शिवेच्या दगडावर जाऊन बसलो. बाजूच्या ठाकूरवाडीतले चौघं आले, खांद्यावर कुऱ्हाडी. पुतण्या मागून रिक्षानं.

त्या चौघांतला म्हातारा माझ्यासमोर थांबला. "बाबा, गाऱ्हाणं झालं का?"

"नाय."

"कधी घालनार?"

"मी जिता हाय तवर नाय."

त्यानं एकवार माझ्याकडं, एकवार झाडांकडं पाहिलं आणि कुऱ्हाड दगडाशी ठेवली. बाकीच्या तिघांनीही ठेवल्या.

"अरे, हे काय? तुम्हाला कामाला आणलंय!" पुतण्या तडकला. "काका, शोभतं का तुम्हाला? किती दिवस बसणार?"

"तू किती दिवस माणसं आणनार?"

"दुसरे आणतो."

"आण. त्यांनाबी विचारू दे."

म्हातारा ठाकूर म्हणाला, "साहेब, गाऱ्हान्याबिगर आमी नाय शिरत. तुमाला घाई आसंल तर तुमी शिरा." त्यानं स्वतःची कुऱ्हाड उचलून पुतण्यासमोर धरली. सगळ्या आळीला सुधारायला निघालेला तो गडी. कुऱ्हाडीकडं बघत राहिला. हात काही पुढं झाला नाही. रिक्षात बसून गेला.

नंतर आठ दिवस मी दगडावर बसलो. कुणी आलं नाही. फरशीचं काम अर्धवट राहिलं, सिमेंटची पोती पावसात भिजून दगड झाली.

लोक माझ्याविषयी म्हणतात, म्हाताऱ्यानं देवराई वाचवली. चूप बसा म्हणावं. त्या सात झाडांचं गाऱ्हाणं मीच घातलं होतं.