मोत्यासारखी चकाकी

खापर गावाजवळच्या काकांच्या विहिरीत, काळ्या दगडाच्या पोकळ्यांतून पांढरे स्फटिक निघाले होते. त्यांना झिओलाइट म्हणतात. त्यातली छिद्रं इतकी बारीक की एखादा लहानसा रेणूच आत शिरू शकतो. मिथेनचे रेणू त्या छिद्रांतून किती वेगाने फिरतात, हे चुंबकीय अनुनादाने मोजायचं, हाच माझ्या पीएच.डी.चा विषय. आईने डबाभर स्फटिक पुण्याला धाडले. मी ते तापवून सुकवले, नळीत मिथेन भरला आणि मोजलं. रेणू अपेक्षेपेक्षा कितीतरी हळू निघाले. माझे मार्गदर्शक सर खूश झाले, नियतकालिकाला शोधनिबंधही पाठवून झाला.

मग गावाकडच्या कॉलेजने सत्कार ठरवला. बॅनरवर संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो माझ्या दुप्पट होता. ते ठीकच, रेणूंबद्दल त्यांना माझ्याइतक्या शंका नव्हत्या.

आदल्या दिवशी घरी पोचलो, तर आई ओट्यावर दुसरा डबा भरत बसलेली. एकेका स्फटिकावरून तेलाचं बोट फिरवत होती.

"आई, हाई काय?"

"तेल. विहिरना दगड शे. परगावले कोरडा नही धाडतस."

"मांगला डबाले बी लावं व्हतं?"

"मंग! इतला शिकना तू, चमक नही दखायनी का?"

दिसली होती. शोधनिबंधात मी 'मोत्यासारखी चकाकी' असं लिहिलंही होतं. तेल तापून स्फटिकांवर थर बसला असणार. रेणू दारातच अडकले आणि मी तो खनिजाचा स्वभाव ठरवला. खात्री नव्हती, बिनतेलाचे स्फटिक मोजल्याशिवाय ती होणारही नव्हती.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "उद्याचा सत्कार होऊ दे. नंतर बघू."

शाल, नारळ, अध्यक्षांचं लांबलचक भाषण. माझी पाळी आली. पहिल्या रांगेत आई नव्या लुगड्यात बसली होती.

"माझा निष्कर्ष बहुधा चुकलाय," मी म्हणालो. "दगड मी नीट धुतले नव्हते. पुन्हा मोजावं लागेल. तोवर शोधनिबंध मागे घ्या, असं नियतकालिकाला कळवतोय."

टाळ्या पडल्या. अध्यक्षांच्या भाषणालाही एवढ्याच पडल्या होत्या. खिशात फोन थरथरत होता. सरच असणार, सत्कार कसा झाला विचारायला.

रिक्षात बसल्यावर आई नारळ मांडीवर घेत म्हणाली, "धुवाना व्हतात तं माले सांगाना. मी धुई देती."


फोन पुन्हा थरथरला. या वेळी मी उचलला.