ओला साचा

पापनाशमजवळ मीटरगेजचं ब्रॉडगेज चाललं होतं, तेव्हाची गोष्ट. रूळ जोडण्याची कामं खाजगी लोकांना मिळू लागली होती. माझ्या सासऱ्यांनी, मी त्यांना मामंजी म्हणे, तंजावुरातलं लोखंडाचं दुकान सांभाळून असलं पहिलंच कंत्राट घेतलं. मी रसायनशास्त्राची एमएस्सी, लग्न नवं. सुनेला रूळ जोडायची पूड तपासता येते म्हणून ते मला साइटवर नेत. कौतुक होतं, ऐकून घेण्याइतकं मात्र नव्हतं.

पूड म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड, जवळजवळ गंजच, आणि ॲल्युमिनियमचा भुगा. ॲल्युमिनियमला ऑक्सिजनची भारी हाव. एकदा पेटवलं की ते गंजातला ऑक्सिजन हिसकावून घेतं, आणि त्या झटापटीत इतकी उष्णता सुटते की लोखंडाचा रस होतो. तो पूड भरलेल्या मुशीच्या बुडातून, रुळांच्या फटीभोवती बसवलेल्या वाळूच्या साच्यात उतरतो. या आगीला बाहेरची हवा लागतच नाही, त्यामुळे पाण्यानं ती विझत नाही. उलट ओल मिळाली तर क्षणात वाफ होऊन तापलेला रस अंगावर उडतो.

पहिल्या जोडाला रेल्वेचे इन्स्पेक्टर हजर होते. साचा बसला. मामंजींनी हळदकुंकू वाहून नारळ फोडला आणि पाणी थेट साच्यावर ओतलं.

"मामंजी, थांबा! साचा काढायला सांगा," मी ओरडले.

"पूजेचें पाणी तें. अपशकुन कां करतेस?"

"ओल्या साच्यांत रस पडला तर माणसं भाजतील. मी पेटवूं देणार नाहीं."

घरात मी त्यांच्यापुढे कधी आवाज चढवला नव्हता. आता राग आला होता, त्यांच्यापेक्षा जास्त ओला साचा दिसत असून घड्याळ बघणाऱ्या त्या इन्स्पेक्टरचा. माणसं खाली बघत उभी. शेवटी मामंजींनी हातानंच खूण केली, साचा काढा.

नवा साचा बसवून बर्नरनं तापवला. फुलबाजीसारखी कांडी मुशीत खोचली. जोड चांगला आला. पण रसावर तरंगून आलेल्या मळीची थाळी हलवताना एक लाल थेंब नारळाच्या पाण्यानं भिजलेल्या खडीवर पडला. फट्ट आवाज झाला आणि मामंजींच्या नेसत्या वेष्टीला गुडघ्याजवळ भोकं पडली. परतताना ते माझ्याकडे न बघता त्या भोकांवरून बोट फिरवत राहिले. माझं साइटवर येणं संपलं, असंच मी धरून चालले.

घरी सासूबाईंनी वेष्टी बघितली. "अय्यो, हें काय झालें?"

"सून ओरडली," मामंजी म्हणाले, "म्हणून इतकेंच जळालें."