मागच्या रांगेतली मोठी आई

मोठ्या आईला नागपूरला घेऊन यायचं, म्हणून मी रायपूरला निघाले. परतीची दोन तिकिटं काढून ठेवली होती. तिला न विचारता. हे आधीच सांगून टाकते.

मोठी आई म्हणजे माझी काकू. शाळेच्या फाटकापाशी मला रडून उलटी व्हायची, म्हणून दुसरीपर्यंत तिनंच घरी शिकवलं. माझं मनगट धरून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली. दोन वर्षांपूर्वी तिचे यजमान, मोठे बाबा गेले आणि तिचं बोलणंच आटलं. फोनवर नुसतं "हो", "जेवली". हल्ली तर सकाळी ती फोनही उचलत नव्हती.

नागपूरहून सकाळची गाडी धरली तर दुपारपर्यंत पोहोचता. डोंगरगडला टेकडीवरचं देऊळ गाडीतूनच दिसतं. रायपूर स्टेशनवरून गुढियारीला, मोठ्या आईच्या घरी जायला ई-रिक्षा मिळते. मी भाडं दोनदा विचारलं, रिक्षावाला हसून तोच आकडा सांगत राहिला.

मोठ्या आईनं फरा केला होता, तांदळाच्या पिठाचे वाफवलेले लांबट मुटके, सोबत टमाट्याची चटणी. तिकिटांचं बोलायला जीभ रेटेना.

"उद्या साडेपाचले उठजो. मले उशीर चालत नाही," ती म्हणाली.

धुक्यातून चालत आम्ही समता कॉलनीतल्या एका बागेत गेलो. कानटोप्या आणि शाली घातलेली पंधराएक म्हातारी माणसं ताई-ची करत होती. हा चिनी व्यायाम भलताच सावकाश असतो. भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचा, हात पाण्यातून फिरवल्यासारखे. मी घाई करत होते.

"आराम से, दीदी. ट्रेन नहीं छूट रही," शिकवणारे साहूजी म्हणाले. ते रेल्वेतले निवृत्त गार्ड, त्यामुळे सगळे हसले. माझी परतीची गाडी त्याच दुपारची होती.

मोठी आई अगदी मागच्या रांगेत, एकटी. मला वाईट वाटलं. तेवढ्यात सगळे संथपणे उलटे वळले आणि मागची रांग पुढची झाली. आता सगळ्यांसमोर फक्त मोठ्या आईची पाठ होती. सगळे तिचे हात बघून हात हलवत होते. ती कुठंच चुकली नाही.

नंतर बाकावर चहा घेताना मी तिकिटांचं सांगितलं.

तिनं चहाचा कप बाकावर ठेवला. मग म्हणाली, "मी आली तर वळल्यावर हे कोणाकडे पाहतीन? त्या मिश्राइनीले डावा-उजवाबी समजत नाही."

"सुन रही हूँ मैं!" शेजारच्या बाकावरून आवाज आला.

"तू एकटी असतेस. मला भीती वाटते," मी म्हटलं.

"मलेबी वाटते वं. रात्री तर लय वाटते. पण सकाळी इथं यायचं असते ना."

तिनं माझं मनगट धरलं. "ढिलं सोड. पाटीवरबी असंच दाबायची तू."

कोणी विचारेल म्हणून सांगते, डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळी ती अजून घेते. हा व्यायाम औषधाऐवजी करा, असं मी म्हणत नाही.

एक तिकीट रद्द केलं. परतताना शेजारच्या सीटवर राजनांदगावला एक बाई येऊन बसल्या आणि त्यांनी विचारलं, "अकेली हो?"

आता नागपुरात मी सकाळी सहाला गच्चीवर ताई-ची करायला उभी राहते. त्या वेळी फोन लावला तर ती उचलणार नाही, हे ठाऊक असतं, म्हणून लावत नाही. वळणापर्यंतचं सगळं येतं. मग वळते, आणि पुढचं बघायला समोर तिची पाठ नसते. मनगट तेवढं ढिलं सोडते.